तळ्याच्या गाळातले भाले

घरात तिला सगळे चिमणी म्हणायचे. दाराच्या चौकटीला कपाळ लागेल अशी उंची, खांदे असे की कपड्यांच्या दुकानात न विचारताच पुरुषांचे शर्ट पुढ्यात टाकत, आणि नाव चिमणी. दिवस भरायच्या आधीच जन्मली होती, तळहातावर मावेल एवढी होती. तेव्हा पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. शाळेत ती खेळाच्या बाई होती. आणि त्याही आधी, ज्या काळाबद्दल ती स्वतःहून कधी बोलत नसे, त्या काळात ती भालाफेकीत देशात पहिली आली होती.

मग एका अंतिम फेरीत तिच्या कोपरात काहीतरी तुटलं. तुटल्याचा आवाज प्रेक्षकांपर्यंत गेला, असं दादाने नंतर सांगितलं. कोपर शिवलं, बरंही झालं, बाजाराच्या पिशव्या उचलण्याइतपत झालं. पण तिने पुन्हा भाल्याला हात लावला नाही. मुलींना ती पळायला, उड्या मारायला, गोळा फेकायला शिकवी. भालाफेक तेवढी आमच्याकडे नाही, असं सांगून मोकळी होई.

वहिनी मैदानावर आली तेव्हा ती उडीच्या खड्ड्यातली वाळू फावड्याने सारखी करत होती. वहिनी म्हणजे दादाची बायको, पण त्याआधी हिची मैत्रीण. ते लग्न हिनेच जुळवलं होतं. वहिनी संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. जमिनीतून निघालेलं लाकूड, हाडं, कातडं हवा लागली की भराभर खराब होतं. ते टिकवून धरणं, हे तिचं काम.

"वन्सं, एक काम होतं," वहिनी म्हणाली.

एरवी ती 'चिमणे' म्हणायची. 'वन्सं' म्हटलं की समजायचं, काहीतरी गळ्यात पडणार आहे.

"डबे परत हवेत का तुझे?"

"डब्यांवर मी कधीच पाणी सोडलंय. भाला फेकायचाय."

फावडं थांबलं. "नाही."

"ऐकून तर घे."

"ऐकलं. नाही."

वहिनीने वाद घातला नाही. खड्ड्याच्या काठावर बूड टेकून तिने चपला काढल्या आणि वाळूत पाय खुपसले. "फेकू नकोस. पण बघायला ये. आत्तापर्यंत आम्ही सोडून ते भाले कुणाला दाखवलेले नाहीत. तू आलीस तर मला बरं वाटेल, बस."

चिमणीने फावडं वाळूत रोवलं आणि हात झटकले.

प्रयोगशाळा संग्रहालयाच्या मागच्या अंगाला होती. खाली फरशी ओली, वर पांढरे दिवे, आणि मध्ये कमरेइतक्या उंचीचे लांबलचक हौद. दवाखान्यासारखा गारवा आणि पावसात भिजलेल्या लाकडाचा वास. वहिनीने एका हौदावरचं झाकण सरकवलं.

पाण्याच्या तळाशी भाले होते. काळपट तपकिरी, कुठे वाकलेले, कुठे मातीच्या दाबाने चेपलेले. पहिल्या नजरेला वाटावं, कुंपणाच्या काठ्या भिजत घातल्यात.

"कोळशाच्या खाणीत सापडले," वहिनी म्हणाली. "वरची माती काढताना खाली जुन्या तळ्याचा गाळ लागला. गाळात हवा शिरली नाही म्हणून लाकूड टिकलं. नाहीतर लाकूड कुठलं टिकायला? तीन लाख वर्षं म्हणजे काय गंमत आहे का?"

"तीन लाख." चिमणीने तो आकडा नुसता तोंडात घोळवून पाहिला. त्याला कुठे धरावं तेच कळेना. "तेव्हा माणसं होती?"

"होती. पण आपण नव्हे. आपली जात तेव्हा कुठे दूर नुकती डोळे उघडत असेल. ही वेगळी माणसं. कपाळ मागे उतरतं, भुवयांचं हाड छज्जासारखं पुढे, हनुवटी जवळजवळ नाहीच. अंगाने आपल्याहून दणकट."

"मग गेली कुठे?"

"संपली," वहिनी म्हणाली. "पण लाखो वर्षं राहून संपली. आपल्याला अजून त्यांच्याएवढं टिकून दाखवायचंय."

भाल्यांच्या आसपास घोड्यांची हाडं सापडली होती. एकदोन नाहीत, कळपच्या कळप. हाडांवर दगडी पात्यांच्या चिरा होत्या, आतली मज्जा काढण्यासाठी नळ्या फोडलेल्या होत्या. वहिनीने पलीकडच्या टेबलावरच्या खोक्यातून एक लहानसं हाड काढून तिच्या तळहातावर ठेवलं. अस्वलाच्या पंजाचं. त्यावर केसासारख्या बारीक रेघा.

"पंजाला मांस नसतं," वहिनी म्हणाली. "इथे चिरा का दिल्या असतील?"

"कातडं हवं होतं."

"अख्खं हवं होतं. फाटू न देता, बोटांपर्यंत सोडवलेलं. तेव्हाचे तिथले हिवाळे आपल्याला एक रात्र झेपले नसते, आणि ही माणसं तिथे लेकरं वाढवत होती. अस्वलाची पांघरुणं करून."

चिमणीने ते हाड जपून खोक्यात ठेवलं. मग परत हौदाशी गेली आणि खाली वाकली. आता तिच्या नजरेला काठ्या दिसेनात. भाल्याचं टोक तासून तासून निमुळतं केलेलं होतं. फांद्या जिथे फुटल्या होत्या त्या गाठी खरवडून अशा सपाट केल्या होत्या की बोट फिरवलं तर कळू नये. आणि सगळ्यात जाड भाग मध्यावर नव्हता. तो पुढे होता, टोकाच्या बाजूला. तिथून मागे शेपटीकडे लाकूड हळूहळू बारीक होत गेलं होतं.

हा आकार तिला ठाऊक होता. आयुष्यातली सगळी चांगली वर्षं तिने तो आकार मुठीत धरून काढली होती.

"वहिनी," ती म्हणाली, "हा भोसकायचा भाला नाही."

"माझंही तेच म्हणणं आहे. पण आमचे सर म्हणतात, नुसतं बघून ठरवता येत नाही. ते म्हणतात, ही माणसं जवळ जाऊन, जनावराच्या अंगाला भिडून भोसकत असतील. लांबून नेम धरून फेकणं पुढच्यांना जमलं. आणि सरांचं चूक नाही. पुरावा नको का?"

चिमणीने पाण्यावर हात धरला. बोटं बुडवली नाहीत. "आधी दादाला सांग एक करायला," ती म्हणाली. "मग बघू."

दादा लाकडाचं काम करायचा. खुर्च्या, जिने, कठडे. कारखान्यात यंत्रं होती, पण सर्वांनी ठरवलं होतं की ज्या हत्यारांनी त्या माणसांनी भाला केला, त्याच हत्यारांनी हाही व्हायचा. म्हणजे गारेच्या दगडाच्या कपच्या. संग्रहालयातून त्यांची टोपली आली तेव्हा दादाने एक कपची उचलून अंगठ्यावर फिरवली आणि लगेच अंगठा तोंडात घातला.

"हे वस्तऱ्यासारखं आहे की," तो अंगठा चोखत म्हणाला.

झाडही तसंच शोधून आणलं होतं. थंडीत कुढत वाढलेलं, मनगटाएवढ्या जाडीचं, आतली वर्तुळं दाट दाट. अशा झाडाचं लाकूड चिवट असतं. वहिनीने नवऱ्याला बजावलं होतं, "टोक बुंध्याच्या बाजूला काढ. आणि बरोबर मधोमध काढू नकोस, जरा बाजूला घे. मूळ भाल्यांत तसंच आहे."

"का पण?"

"का ते तू सांग. मी फक्त आहे ते सांगतेय."

दादाला आयुष्यात कुणी काठीला टोक कसं काढावं हे सांगितलं नव्हतं. त्याने टोक सुबक मधोमध काढलं. दिवसचे दिवस तासून, हाताला फोड आणून, भाला पुरा केला आणि परीक्षा म्हणून मातीच्या ढिगाऱ्यात जोराने खुपसला. टोक फुटलं. फुटलेलं टोक हातात घेऊन तो उजेडात गेला. झाडाच्या मध्यातून जो मऊ गाभा जातो, तो नेमका टोकातून बाहेर आला होता. सगळा जोर सगळ्यात मऊ जागेवर आला होता.

चिमणी दुपारी डबा घेऊन गेली तेव्हा यंत्रं बंद होती आणि दादा लाकडाच्या छिलक्यांत मांडी घालून बसला होता.

"बसलायस काय असा? घेरी आली का?"

"चिमणे, त्यांनी हे बघितलेलं होतं," तो म्हणाला. "माझं टोक आत्ता फुटलं, तसं कधीतरी कुणाचं तरी ऐन वेळी फुटलं असेल. घोडा समोर असताना. त्याने घरी नेऊन ते बघितलं, का फुटलं ते शोधलं, आणि दुसऱ्याला सांगितलं. दुसऱ्याने पुढच्याला. त्याशिवाय सगळेच्या सगळे भाले बाजूलाच कसे निघतील?" मग जरा ओशाळून म्हणाला, "बायको सांगत होती. ऐकायला हवं होतं."

"हे मी तिला सांगू?"

"नको. मीच सांगतो. तू सांगितलंस तर वर्षभर पुरेल तिला."

दुसरा भाला त्याने सांगितल्याबरहुकूम केला. आधी झाडाची साल, मग गाठी, मग टोक. कपची बोथट झाली की नवी घ्यायची. काम करताना तो नेहमी शीळ घालायचा. या भाल्याच्या वेळी त्याने शीळ घातली नाही. चिमणी शाळा सुटल्यावर रोज येऊन बसू लागली. खरवडण्याचा आवाज ऐकत बसायची. हाच आवाज, तिला वाटायचं, अगदी हाच. त्या तळ्याकाठीसुद्धा संध्याकाळी दुसरा कुठला आवाज असणार?

भाला पुरा झाला तेव्हा दादाने तो तिच्या हातात दिला नाही. भिंतीला टेकवून ठेवला आणि हात धुवायला गेला. परत आला तेव्हा चिमणी खोलीच्या मध्यावर उभी होती. भाला तिच्या एका बोटावर आडवा तोलून राहिला होता, पुढच्या भागात, तिला वाटलं होतं तिथेच.

चाचणी शाळेच्याच मैदानावर ठरली, सुट्टीच्या दिवशी. दादाने गवताचे भारे बांधून, वर जाड कातडं ताणून घोड्याएवढा आकार उभा केला होता. संग्रहालयाचे सर आले होते. बारीक अंगाचे, मऊ बोलणारे, उन्हाची टोपी घातलेले. "बाई, कोपराला त्रास झाला तर लगेच थांबा," ते सुरुवातीलाच म्हणाले. "त्या लोकांना कोण होतं विचारायला. तुम्हाला आम्ही आहोत."

चिमणीने जुन्या सवयीप्रमाणे लांबून धाव घेतली, आडवी पावलं टाकली आणि फेकला. भाला हवेत थरथरला, शेपूट हलवत गेला आणि गवताच्या घोड्याच्या अलीकडेच आडवा पडला. दुसऱ्या वेळीही तेच. कोपरात एक ओळखीची कळ उठली.

चिमणी भाला आणायला चालत गेली. चालता चालता तिच्या मनात आलं, मी स्पर्धेच्या पट्ट्यावर असल्यासारखी धावतेय. हा भाला पट्ट्यासाठी केलेलाच नाही. तिथे पायाखाली चिखल असणार. समोर लव्हाळी. धावत निघालं तर घोडे कान टवकारतील आणि कळप नाहीसा होईल. तिथे धाव घेता येत नव्हती. तिथे दबा धरून बसायचं, पुष्कळ वेळ बसायचं, आणि उठायचं ते एकदाच.

ती गवताच्या घोड्याच्या बरीच जवळ आली, पण हात पोचेल इतकी नाही. एखादी खोली आणि तिच्यापुढचं अंगण मावेल एवढं अंतर राखून ती गुडघ्यावर बसली. भाला जमिनीलगत धरला. श्वास सोडला. मग उठली, एक पाऊल टाकलं आणि हाताने नाही, तर पाठीने आणि कमरेने फेकला.

भाला थरथरला नाही. तो गेला. मध्ये हवाच नसावी तसा, सरळ, थोडा खाली नाक करून गेला आणि कातड्यातून आरपार घुसला. धप्प असा आवाज झाला. आकार हलला. भाल्याची शेपूट थोडी थरथरली आणि थांबली.

सरांनी टोपी काढली आणि हातात धरून ठेवली. मग ते चालत गेले, वाकून पलीकडून बाहेर आलेलं टोक पाहिलं. टोक शाबूत होतं.

"मला वाटलं होतं, आपण त्यांच्या काठ्यांना उगीच मोठेपणा देतोय," ते सावकाश म्हणाले. "अजून पुष्कळ वेळा फेकावं लागेल. दुसऱ्यांकडूनही फेकून घ्यावं लागेल. पण हे मी पाहिलं."

चिमणी तिथेच उभी होती. कोपर ठणकत होतं. हात अजून तापलेला होता. ज्या हाताने हा भाला पहिल्यांदा फेकला, त्याची बोटं हिच्याहून जाड असतील, तळवा रुंद असेल. पण शेवटच्या क्षणी भाला बोटांवरून सुटताना जी सरकन जाणीव होते, ती त्यालाही झाली असणार. त्या जाणिवेसाठी त्याच्याकडे शब्द होता का? हिच्याकडेही नव्हता.

संध्याकाळी दादाच्या घरी कोपराला बर्फ लावून ती बसली होती. वहिनी चहा घेऊन आली.

"माझ्या डोक्यात एक येतंय," चिमणी म्हणाली. "एका भाल्याने घोडा पडत नाही. आणि एक पडला तरी बाकीचे पळतात. तुमच्या हाडांत कळप आहेत. म्हणजे फेकणारे पुष्कळ होते, आणि त्यांनी एकदम फेकले."

"बरोबर."

"वहिनी, मी इतकी वर्षं शिकवतेय. जोर कुणालाही येतो. नेमही येतो. पण हातात फेकायची वस्तू असताना थांबणं, ते शिकवता शिकवता नाकी नऊ येतात. दहापैकी एक तरी आधीच सोडते. आणि ही माणसं भुकेलेली, थंडीने कुडकुडणारी, समोर घोडे पाणी पितायत, आणि सगळी गप्प. कुणीतरी खूण करेपर्यंत कुणीही हललं नाही. मला ते भाल्यापेक्षा मोठं वाटतं."

दादा कोपऱ्यात बसून ऐकत होता. "खूण कशी केली असेल?" त्याने विचारलं. "बोलत होते का ते?"

"माहीत नाही," वहिनी म्हणाली. "आवाज मागे राहत नाही."

त्यानंतर चाचण्या महिनोन्‌महिने चालल्या. भालाफेकीचे तरुण खेळाडू आले, त्यांना चिमणीने दबा धरून बसायला शिकवलं, आणि शिकवता शिकवता शाळेतही भालाफेक सुरू झाली. ती कधी सुरू झाली हे तिच्या लक्षातही आलं नाही. सरांनी आपलं मत बदलल्याचं लिहून छापलं. वर्तमानपत्रात सर्वांचा फोटो आला, त्यात दादाचे डोळे मिटलेले होते.

आणि मग एक दिवस वहिनीचा फोन आला. "दोघं या," ती म्हणाली. 'वन्सं' नाही, 'चिमणे' नाही, नुसतं दोघं या.

खाणीतून गाळाची जी मोठी ढेकळं जशीच्या तशी उचलून आणली होती, त्यांतल्या एकाची माती वहिनी कित्येक आठवडे मऊ ब्रशने आणि पाण्याच्या बारीक धारेने सोडवत होती. आतून आणखी एक भाला निघाला होता. लहान. चिमणीच्या कमरेपर्यंतही आला नसता.

"दादा, तू बघ," चिमणी म्हणाली. "तुला कळेल."

दादाने चष्मा लावला आणि भिंग घेतलं. पाण्यातल्या लाकडावरून त्याची नजर शेपटीकडून पुढे सरकत गेली.

"इथे कपची खोल घुसलीय," तो म्हणाला. "उलट्या बाजूने ओढलीय, लाकूड उचकटलंय. जोर लावलाय पण दिशा कळलेली नाही. हा नवशिका हात आहे. लहान असेल." भिंग पुढे गेलं. "इथून बदलतं. हे बघ, लांब, एका दमात ओढलेले घाव. गाठ कशी अलगद काढलीय. हा दुसरा हात. मोठ्याचा. हे घाव आधीच्या वेड्यावाकड्या घावांवरून गेलेत. म्हणजे आधी लहानाने केलं, मग मोठ्याने घेऊन दाखवलं."

वहिनी म्हणाली, "हे मीही पाहिलं होतं. पण पुढे काय ते मला खात्रीने सांगता येईना. म्हणून बोलावलं."

दादा टोकाशी आला आणि थांबला. भिंग डोळ्यापासून दूर नेलं, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"टोक पुन्हा पहिल्याच हाताचं आहे," तो म्हणाला. "अजून कच्चंच आहे. पण आता दिशा बरोबर आहे. खोल घुसलेलं नाही. आणि टोक मधोमध नाही, बाजूला आहे."

वहिनी हौदाच्या काठावर दोन्ही हात टेकून उभी होती. दिव्यांचा बारीक गुणगुण आवाज येत होता. चिमणीला शाळेतल्या कितीतरी दुपारी आठवल्या: एखादी मुलगी चुकते, पुन्हा चुकते, आणि हात शिवशिवतात की आण इकडे, मी करते, सोपं आहे. अर्धं करून दाखवलं की पुरंच करून टाकावंसं वाटतं. तिथे थांबायला किती लागतं, हे ज्याने शिकवलंय त्यालाच माहीत.

"परत दिलं," ती म्हणाली. "अर्धं करून दाखवलं, आणि टोक काढायची वेळ आली तेव्हा परत त्याच्या हातात दिलं."

"किंवा तिच्या," वहिनी म्हणाली.

"किंवा तिच्या."

बाहेर संग्रहालय बंद व्हायची घंटा झाली. पहारेकरी दारातून डोकावला, तिघांना तसं उभं पाहून काही न विचारता निघून गेला. दादाने भिंग टेबलावर ठेवलं. वहिनीने झाकण ओढायला हात घातला, पण ओढलं नाही. आणखी थोडा वेळ तिघं त्या पाण्याकडे बघत राहिली.